एथिक्सच्या कॉप्या तपासायला बसतेयस तर

अगं, मेसेज वाचला. जीएस फोरच्या, म्हणजे एथिक्स (नीतिशास्त्र) पेपरच्या, कॉप्या पहिल्यांदाच हातात आल्यात आणि मॉडेल आन्सरशी जुळवून मार्क द्यायचे का विचारतेस, तर नको, तो कागद आधी बाजूला ठेव. २०१३ पासून यूपीएससीला हा २५० मार्कांचा पेपर आहे, हल्ली त्यात ६ केस स्टडींचेच १२० असतात, आणि आता एमपीएससी पण वर्णनात्मक झाली. इतक्या वर्षांत आपल्या क्लासवाल्यांनी साचा पाडून दिलाय, आधी स्टेकहोल्डर्सची, म्हणजे ज्यांना झळ बसते त्या सगळ्यांची, आकृती, मग तीन पर्याय, फायदे-तोटे, शेवटी गांधीजींचं वाक्य. साचा असू दे, पण मार्क त्याचे नाहीत.

समजा केस अशी आहे. तू पुरवठा निरीक्षक, एका म्हातारीचा थंब मशीनवर लागत नाही म्हणून दुकानदार रेशन देत नाहीये, आणि थंब न लागलेल्यांच्या नावाने खोट्या नोंदी करून धान्य बाहेर विकल्याची तक्रार पण याच दुकानावर आहे. खूप पोरं लिहितात, मी स्वतःच्या खिशातून आजींना धान्य घेऊन देईन. वाचून बरं वाटतं आणि तपासणारा इथेच घसरतो, कारण हा निर्णय नाहीच, पुढच्या महिन्यात काय आणि रांगेतल्या बाकीच्यांचं काय?

दुसरा लिहितो, थंब लागला नाही म्हणून धान्य नाकारू नका असं केंद्राने २०१७ लाच राज्यांना कळवलंय, म्हणून आज रजिस्टरला नोंद करून देईन, नंतर घरी जाऊन पडताळणी करेन, तेवढ्यात एखादी खोटी नोंद निसटली तर ती जबाबदारी माझी. तिसरी म्हणते आज देईन पण पुढे अशा नोंदी तलाठ्यासमोरच होतील, त्यात म्हाताऱ्या माणसांना हेलपाटा पडेल हे मला माहितीय, तरी चोरी थांबणं जास्त गरजेचं वाटतं. उत्तरं वेगळी, पण दोघांनाही भरपूर मार्क दे, कारण आपल्या निर्णयाची झळ कोणाला बसणार हे दोघांनी लपवलेलं नाही. आणि एक कर, मनातल्या मनात केसमधून ती तक्रार काढून टाक आणि उत्तर परत वाच, एक शब्दही बदलायची गरज वाटली नाही तर पोराने केस वाचलेलीच नाही.

माणूस नैतिक विचार कसा करतो याच्या पायऱ्या मांडणारा मानसशास्त्रज्ञ कोलबर्ग तुला माहितीच आहे, बायकोसाठी औषध चोरणाऱ्या हाइन्झच्या गोष्टीत चोरावं की नाही याचं उत्तर हो की नाही हे कोलबर्ग बघायचाच नाही, का ते बघायचा. पण त्याच्या मोजपट्टीत नात्यांचा, काळजीचा विचार खालच्या पायरीवर जातो असं कॅरल गिलिगन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८२ मध्ये दाखवलं. आपल्याकडे हे फार होतं बघ, तत्त्वज्ञ कांट आणि युटिलिटेरियनिझम (जास्तीत जास्त लोकांचं भलं ते योग्य) असली नावं लिहिणाऱ्याला मार्क, आणि गावाकडची मुलगी साध्या मराठीत "त्या आजीला परत चार लोकांसमोर हात पसरायला लावू नये" लिहिते तिला भावनिक म्हणून कट. तिचा मुद्दा प्रतिष्ठेचाच आहे ना, फक्त लेबल नाही लावलं.

शेऱ्यात नुसतं "गुड" लिहू नकोस, "दुकानदार यावर काय म्हणेल?" असं काहीतरी विचार. आणि एक केस सगळ्या कॉप्यांमधून संपव, मगच पुढची घे, नाहीतर आधीच्या उत्तराचा राग पुढच्यावर निघतो. पहिल्या गठ्ठ्याचे मार्क वेगळ्या कागदावर ठेव, त्याच कॉप्यांना मी माझे देतो, जिथे फार फरक पडेल तिथे भांडू.