प्रिंट काळपट येते, दोष कुणाचा?

प्रश्न: घरी फोटो छापायला इंकजेट प्रिंटर घेतलाय. लॅपटॉपवर फोटो झकास दिसतात, पण कागदावर आले की सगळे काळपट, जणू दिवे गेल्यावर काढलेत, आणि वर चेहरे लालसर-जांभळे. शाई ओरिजिनल, कागदही चांगला फोटो पेपर. दर वेळी ब्राइटनेस थोडा वाढवून परत छापतोय, त्यात शाई आणि कागद दोन्ही संपत चाललेत. प्रिंटर खराब निघाला का?

उत्तर: प्रिंटर बहुतेक ठणठणीत आहे. तुम्ही दोन तक्रारी एकत्र केल्यात, काळपट आणि लालसर, आणि दोन्हींची कारणं वेगवेगळी आहेत, म्हणून नुसता ब्राइटनेस वाढवून काही होत नाहीये.

आधी काळपटपणा. स्क्रीन स्वतःच उजेड फेकते, कागद बिचारा त्याच्यावर पडलेला उजेडच परत देतो. त्यात लॅपटॉप-मॉनिटर घरी येतात तेच भगभगीत, २५०-३०० कॅन्डेला (स्क्रीनच्या उजेडाचं माप, प्रति चौरस मीटर) किंवा त्याहूनही जास्त, आणि प्रिंटसाठी एडिटिंग करणारे लोक ८० ते १२० च्या आसपास ठेवतात. एवढ्या उजेडात बसून एडिट केलं की डोळे त्याला सरावतात आणि आपण नकळत फोटो गडद करून ठेवतो. हा उजेड मोजायचं मीटर नसेल तरी एक करा, स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा, प्रिंट जिथे बघणार त्याच उजेडात कोरा फोटो पेपर स्क्रीनशेजारी धरा आणि दोन्ही पांढरे सारखे वाटेपर्यंत स्क्रीन कमी करत जा. दोन दिवस स्क्रीन मरगळलेली वाटेल, वाटू दे. मग तोच फोटो उघडा, बहुतेक स्क्रीनवरही काळपटच दिसेल. आता तो उजळा, आणि हिस्टोग्रामवर (फोटोत गडद-उजळ भाग किती ते दाखवणारा आलेख) नजर ठेवा, तो स्क्रीनच्या ब्राइटनेसने बदलत नाही.

हे करताना ऑटो ब्राइटनेस आणि नाइट मोड बंद हवेत बरं का. मी एकदा रात्री नाइट मोड चालू ठेवून बसलो, सगळं पिवळट दिसतंय म्हणून फोटोत निळा ढकलत गेलो, आणि सकाळी प्रिंट बघितली तर घरचे सगळे थंडीने काकडल्यासारखे! प्रिंट रात्री पिवळ्या बल्बखाली बघून निकाल देऊ नका, दिवसा खिडकीजवळ न्या, पण थेट उन्हात नको.

आता लालसर चेहरे. आधी प्रिंटरच्या मेन्यूतून नोझल चेक (शाईच्या बारीक छिद्रांची चाचणी-प्रिंट) काढा, एखादी रेघ तुटक आली तर त्या रंगाची शाई नीट पडत नाहीये, त्याच मेन्यूतून हेड, म्हणजे शाई सोडणारा भाग, क्लीन करा. रेघा सगळ्या अखंड असतील तर माझा संशय डबल कलर मॅनेजमेंटवर. म्हणजे काय, तर एडिटिंगचं सॉफ्टवेअर फोटोतले रंग त्या कागदाच्या प्रोफाइलप्रमाणे (त्या कागदावर तुमच्या प्रिंटरचे रंग कसे उतरतात ते सांगणारी फाइल) प्रिंटरच्या भाषेत करून पाठवतं आणि प्रिंटरचा ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं कंप्युटरमधलं सॉफ्टवेअर) ते कच्चेच आहेत असं समजून त्यांचं परत भाषांतर करतो. चेहरे जांभळट-लाल होण्याचं हे नेहमीचं कारण. एकालाच काम द्या. सॉफ्टवेअरच्या प्रिंट विंडोत कागदाचं प्रोफाइल निवडलं असेल तर ड्रायव्हरमध्ये कलर ॲडजस्टमेंट बंद, आणि साध्या ॲपमधून छापत असाल, जिथे प्रोफाइलचा पर्यायच नाही, तर फाइल एसआरजीबी (sRGB, रंगांची सर्वसाधारण मांडणी) ठेवा आणि रंग प्रिंटरवर सोडा. दोन्ही रस्ते चालतात, पण एका वेळी एकच.

ड्रायव्हरमध्ये कागदाचा प्रकारही नीट निवडा, शाई किती सोडायची ते त्यावरून ठरतं. ग्लॉसी कागद घालून सेटिंग साध्या कागदाचं राहिलं तर रंग बोंबलले म्हणून समजा. आणि कागदाची बाजू? कोपऱ्याला किंचित ओलं बोट लावा, जी बाजू चिकट लागते ती छापायची.

हो, आणि दर वेळी पूर्ण पान घालवू नका. फोटोतली एक अरुंद पट्टी घ्या ज्यात चेहरा आणि काळे केस दोन्ही येतील, तिच्या चार-पाच कॉपी वेगवेगळ्या ब्राइटनेसच्या करून एकाच कागदावर छापा, प्रत्येकीखाली आकडा टाका. निवड मात्र लगेच करू नका, शाई वाळताना रंग थोडा बदलतो, रात्रभर राहू द्या.

प्रश्न: बाकी रंग बरोबर येतात, पण जांभळट निळी फुलं कागदावर फिकीच पडतात. काय करू?

उत्तर: थोडंफार सोसा! स्क्रीन लाल-हिरवा-निळा उजेड मिसळते, कागदावर शाईचे थर असतात, त्यामुळे काही भडक निळे आणि हिरवे शाईला झेपतच नाहीत. एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये सॉफ्ट प्रूफ (कागदावर कसं दिसेल त्याची स्क्रीनवरची झलक) चालू करून आधीच बघा कुठले रंग शाईच्या आवाक्याबाहेर जातात, आणि रेंडरिंग इंटेंट (न झेपणारे रंग कसे बदलायचे त्याची सेटिंग) एकदा परसेप्च्युअल, एकदा रिलेटिव्ह कलरिमेट्रिक करून तुलना करा. पहिला सगळेच रंग थोडे दाबून आपसातलं नातं राखतो, दुसरा जमणारे रंग तसेच ठेवून न जमणारे जवळच्या रंगावर आणून बसवतो, त्यामुळे पाकळीवरचे बारीक फरक कधीकधी पुसले जातात. फुलांना मी आधी परसेप्च्युअल लावून बघतो. मॅट कागद वापरत असाल तर एकदा ग्लॉसीवर छापून बघा, तिथे भडक रंग जास्त खुलतात.

प्रश्न: कॅलिब्रेटर (स्क्रीनचे रंग मोजून नीट करणारं यंत्र) विकत घेऊ का?

उत्तर: महिन्याला चार प्रिंट काढत असाल तर नको, वरची कागद शेजारी धरायची युक्ती पुरे. नियमित छापत असाल, किंवा दोन स्क्रीनवर एकच फोटो दोन तऱ्हांचा दिसत असेल, तर घ्या. पण तो स्क्रीनसाठी आहे, कागदाचं प्रोफाइल वेगळंच लागतं, ते बहुतेक वेळा कागद बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर तुमच्या प्रिंटरच्या मॉडेलप्रमाणे फुकट मिळतं.