अमेरिकेतली न्यायालयं वंशभेद कमी करण्यासाठी लोकांना आणि कर्मचाऱ्यांना सोबत घेतात म्हणजे नेमकं काय करतात?

राज्यागणिक पद्धत बदलते, म्हणून वॉशिंग्टन राज्याचंच पाहू. ४ जून २०२० रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊही न्यायमूर्तींनी पत्र काढून कृष्णवर्णीयांवरच्या अन्यायातला न्यायव्यवस्थेचा वाटा कबूल केला. पत्र गाजलं, पण माझ्या मते त्याआधीचा एक नियम जास्त मोलाचा आहे.

ज्यूरी, म्हणजे खटल्याचा निकाल देणारे सामान्य नागरिक, निवडताना वकील काही जणांना कारण न सांगता वगळू शकतो. वंशावरून वगळायला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८६ च्या बॅटसन निकालाने बंदी घातली खरी, पण हेतू सिद्ध करावा लागे आणि वकील दुसरंच कारण पुढे करून सुटत. २०१६ मध्ये नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या एसीएलयूच्या राज्य शाखेने नव्या नियमाचा मसुदा दिला. वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने तो जाहीर करून लोकांकडून लेखी सूचना मागवल्या, मग कार्यगट नेमला. काही मुद्द्यांवर एकमत झालंच नाही, तरी एप्रिल २०१८ मध्ये 'जीआर ३७' (जनरल रूल ३७) हा नियम लागू झाला. आता हेतू सिद्ध करायची गरज नाही. वगळण्यामागे वंश हा एक घटक असू शकतो असं त्रयस्थाला वाटलं तरी पुरे. 'पोलिसांवर विश्वास नाही', 'गुन्हेगारीच्या वस्तीत राहतो' ही कारणं मुळातच अग्राह्य धरतात. कुणाला बाहेर ठेवायला ती वापरली जातात, हे त्या वस्त्यांना पक्कं ठाऊक असतं.

लोकांचं म्हणणं ऐकायला घेतलेल्या बैठका फसतात त्या वेळ आणि जागेमुळे. कामाच्या दिवशी दुपारी, न्यायालयातच बोलावलं तर रोजंदारी बुडवून कोण येणार? वॉरंट निघालेला माणूस तर त्या इमारतीत पाऊलही ठेवणार नाही. संध्याकाळी, वस्तीतल्या वाचनालयात, दुभाषी घेऊन बसावं आणि कुठली सूचना घेतली, कुठली का नाही, हे नंतर कळवावं.

कर्मचाऱ्यांशी बोलायचं ते खिडकीवरच्या कामाबद्दल. कुठला फॉर्म, मुदत कधी संपते, ही माहिती देता येते. 'दावा करू का?' यावर सल्ला देता येत नाही. ही रेघ स्पष्ट नसली की कर्मचारी धास्तीने माहितीही देत नाहीत आणि वकील न परवडणारा माणूस हात हलवत परततो. म्हणून नेहमीच्या प्रश्नांची मंजूर उत्तरं लिहून खिडकीवर ठेवावीत. आणखी एक: छोट्या कार्यालयात कर्मचाऱ्यांना वंश, पद आणि विभाग तिन्ही विचारले, तर निनावी सर्वेक्षणातही माणूस लगेच ओळखू येतो.

तिथे तुमच्या आईवडिलांना न्यायालयात जावं लागलं, तर दुभाष्याच्या अर्जात हिंदी नव्हे, मराठी लिहा, तारखेच्या पुरेशा आधी द्या आणि दुभाषी म्हणून स्वतः उभे राहू नका.