ऑटिस्टिक मुलगा (वय १३, ठाणे) ‘काय झालं?’ विचारलं की ‘काही नाही’ म्हणतो. तो उदास आहे हे ओळखायचं कसं?

शब्दांवरून नाही, नेहमीच्या वागण्यात पडलेल्या फरकावरून ओळखा. पुष्कळ ऑटिस्टिक मुलांना स्वतःची भावना ओळखून तिला नाव देणं जड जातं, त्यामुळे ‘काही नाही’ म्हणजे लपवाछपवीच असं नव्हे. चेहराही फसवतो. झोप, भूक, चिडचिड बघा आणि मुख्य म्हणजे आवडीचा विषय: ठाणे–वाशी लोकलचं वेळापत्रक तोंडपाठ म्हणणारा मुलगा दोन आठवडे गाड्यांचं नावच काढत नसेल, तर ती ठळक खूण. मोघम प्रश्न टाळा. ‘आज शाळा ० ते ५ मध्ये किती जड गेली?’ असं कागदावर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर विचारा आणि उत्तरासाठी निदान दहा सेकंद गप्प राहा (इथेच सगळ्यांची घाई होते). मात्र दातदुखी, बद्धकोष्ठता किंवा वर्गातली चिडवाचिडवी असली तरी हेच दिसतं. म्हणून आधी बालरोगतज्ज्ञ, मग मानसोपचारतज्ज्ञ. मरणाबद्दल बोलू लागला किंवा स्वतःला इजा केली, तर दिवस मोजत बसू नका: टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही.