प्लॅनेट झू या प्राणिसंग्रहालय उभारायच्या गेममध्ये गर्दी कशी वळवायची

गेटसमोरच सिंह ठेवू नकोस रे. पब्लिक तिथेच थबकतं, मागचे तुंबतात आणि आतली जनावरं बघायला कुणी जात नाही. ओढ लावणारं जनावर आत ठेव.

पाथ मात्र मध्येच संपवू नकोस. गणपतीपुळ्याला डोंगराला प्रदक्षिणा घालून माणूस परत देवळाशीच येतो, तसा वळसा दे. पिंजऱ्याच्या काचेजवळ तो चांगला रुंद कर, म्हणजे बघणारे थांबले तरी चालणाऱ्यांना वाट राहते. दानपेटीही तिथेच, काचेला लागून. कीपर हट (जनावरं सांभाळणाऱ्यांची खोली) आणि ट्रान्सफॉर्मरकडे वेगळा स्टाफ पाथ ने; त्यावर पाहुणे येत नाहीत.

बुजरं जनावर असेल तर एकतर्फी काच लावच, म्हणजे पाहुण्यांना ते दिसतं पण त्याला पाहुणे दिसत नाहीत. गर्दीने बिचारं ताणात येतं, मला ते बघवत नाही.