हशा कुणाच्या जिवावर?

वाचक विचारतात : विनोद आणि रंगमंच

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी सत्तरी ओलांडलेला वाचक आहे. जुन्या इंग्रजी विनोदी मालिका आणि विनोदवीरांची ध्वनिमुद्रणं यांचा माझ्याकडे मोठा संग्रह आहे. परवा पुतणीला हौसेने १९७०च्या दशकातल्या एका ब्रिटिश विनोदवीराचा कार्यक्रम दाखवायला बसलो. पाकिस्तानी शेजाऱ्यावरचा विनोद आला आणि ती उठून गेली. नंतर म्हणाली, “काका, तुम्ही याला हसता?” मी म्हटलं, तो काळच तसा होता, तेव्हा कुणालाच त्यात वावगं वाटत नव्हतं. जो माणूस आता उत्तर द्यायला हयात नाही, त्याला आजच्या मापाने मोजणं अन्याय नाही का?

उत्तर : ‘तेव्हा कुणालाच त्यात वावगं वाटत नव्हतं’ हे तुमचं वाक्य मी धरून बसणार आहे. तुमचा सगळा युक्तिवाद त्याच्यावर उभा आहे, आणि ते खरं नाही.

बीबीसीवर १९५८ ते १९७८ अशी वीस वर्षं ‘ब्लॅक अँड व्हाइट मिन्स्ट्रेल शो’ चालला. गोरे गायक तोंडाला काळा रंग फासायचे, ओठ आणि डोळे पांढरे, मोठे रंगवायचे आणि नाचायचे, गायचे. मधून मधून विनोदवीर येऊन हशा घेऊन जायचे. प्रेक्षक दीड कोटीच्या वर. १९६१मध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोच्या दूरचित्रवाणी महोत्सवात याला ‘सुवर्ण गुलाब’ हा पुरस्कार मिळाला. याच कार्यक्रमाविरुद्ध १९६७मध्ये वर्णभेदाशी लढणाऱ्या एका संघटनेने बीबीसीला सह्यांचं निवेदन दिलं. बीबीसीच्या आतूनही, हिशेब खात्याच्या प्रमुखाने लेखी आक्षेप घेतला होता. म्हणजे वावगं वाटत होतं, ते कागदावर उतरलं होतं आणि ज्यांच्या हातात निर्णय होता त्यांच्या टेबलापर्यंत पोचलंही होतं. तरी कार्यक्रम पुढे अकरा वर्षं चालला.

अमेरिकेतली गोष्ट याहून जुनी. ‘एमॉस अँड अँडी’ ही मालिका १९२८मध्ये रेडिओवर सुरू झाली. दोन गोरे नट कृष्णवर्णीयांची बोली काढून त्यांना भोळसट, आळशी, लबाड असं रंगवायचे आणि अख्खा देश हसायचा. ‘पिट्सबर्ग कुरिअर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राने १९३१मध्येच तिच्याविरुद्ध दहा लाख सह्या गोळा करण्याची मोहीम उघडली. वीस वर्षांनी मालिका दूरचित्रवाणीवर आली, आता कृष्णवर्णीय नट घेऊन, तेव्हा एनएएसीपी ही कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी संस्था तिच्याविरुद्ध उभी राहिली. १९५३मध्ये मालिका थांबली, पण जुने भाग फिरत राहिले. सीबीएस वाहिनीने ते मागे घेतले १९६६मध्ये. ‘कुरिअर’च्या मोहिमेपासून पस्तीस वर्षं झाली होती.

तुम्ही ज्याला त्या काळाचं माप म्हणता ते हसणाऱ्यांचं माप आहे. ज्यांच्यावर हसलं जात होतं त्यांचंही माप त्याच काळात होतं. फक्त त्यांच्या हातात ना वाहिनी होती ना थिएटर. तुमची पुतणी उठून गेली ती आजचं माप घेऊन, असं मला वाटत नाही. १९७०च्या दशकात जो पाकिस्तानी शेजारी भिंतीपलीकडून तो हशा ऐकत होता, त्याचं माप तिने हातात घेतलं.

मात्र ती सगळी माणसं एका सुरात बोलत होती, असं मी म्हणणार नाही. ‘एमॉस अँड अँडी’ पाहायला आवडणारी कृष्णवर्णीय कुटुंबं होती आणि त्यातल्या नटांना तेव्हा दुसरीकडे इतकं काम मिळत नव्हतं. लेनी हेन्री हा ब्रिटिश विनोदवीर १९७५मध्ये, सोळाव्या वर्षी, एका स्पर्धेतून पुढे आला आणि त्याला मिळालेल्या मोठ्या कामांपैकी एक होतं मिन्स्ट्रेल शोबरोबरचं. तोंडं काळी केलेल्या गोऱ्यांच्या तांड्यात हा एकटा खरा काळा मुलगा. पुढे त्या दिवसांबद्दल तो फार दुःखाने बोलला. त्या वयात त्याने काम नाकारायला हवं होतं, असं कोण म्हणेल? ज्यांनी ते काम त्याच्यापुढे ठेवलं त्यांना प्रश्न विचारायचा.

आता माणसाचा न्याय. इथे तुमचं निम्मं म्हणणं मला मान्य आहे. विनोद आणि विनोदवीर यांचे खटले वेगळे चालवावेत. विनोद क्रूर होता एवढं म्हणायला आपल्याला कुणाची परवानगी नको. पण माणूस किती दोषी, हे ठरवताना मी दोनच गोष्टी बघते : त्याला कुणी सांगितलं होतं का, आणि सांगितल्यावर त्याने काय केलं.

रिचर्ड प्रायर हा अमेरिकेतला कृष्णवर्णीय विनोदवीर घ्या. माझ्या मते एकट्याने रंगमंच पेलणारा त्याच्यासारखा दुसरा झाला नाही. कृष्णवर्णीयांसाठीची ती जुनी शिवी त्याच्या १९७०च्या दशकातल्या कार्यक्रमांत वाक्यागणिक यायची. ती त्याने गोऱ्यांकडून हिसकावून घेतली, असंच सगळे मानत होते. १९७९मध्ये तो केनियाला गेला. तिथे सगळीकडे माणसं बघितली आणि त्याच्या ध्यानात आलं, की त्या शिवीत बसणारा एकही माणूस आपल्याला इथे दिसला नाही. परत आल्यावर त्याने ती सोडली, आणि १९८२मध्ये पडद्यावर आलेल्या कार्यक्रमात प्रेक्षकांना हे सगळं सांगितलं. कुणी बंदी घातली नव्हती. उलट त्या शिवीवर त्याला हमखास टाळी होती. टाळी घेणारी जागा स्वतःच्या हाताने कापून टाकणं नटाला किती जड जातं, हे मला ठाऊक आहे. मी बरीच वर्षं विनोदी नटांच्या तालमी घेते आहे.

एडी मर्फी या अमेरिकी विनोदवीराने १९८३च्या कार्यक्रमात समलिंगी पुरुषांवर आणि एड्सवर विनोद केले, तेव्हा त्या आजाराने माणसं मरत होती. त्याने १९९६मध्ये माफी मागितली. तेरा वर्षं लागली, पण मागितली. आणि वंशद्वेषी विनोदांसाठी ओळखला जाणारा ब्रिटिश विनोदवीर बर्नार्ड मॅनिंग? त्याच्या कार्यक्रमांवर टीका होत राहिली, लंडनमध्ये १९७९पासून वंशद्वेष आणि स्त्रीद्वेष टाळून विनोद करणारी नवी पिढी उभी राहिली, लोक त्याच्यासमोर बसून त्याला हे सांगत होते. तो २००७मध्ये गेला तोवर आपल्या जागेवरून हलला नाही. प्रायर आणि मॅनिंग एकाच काळातले. ‘काळच तसा होता’ म्हणून दोघांना एकाच पारड्यात टाकलंत, तर खरा अन्याय प्रायरवर होतो.

तुमच्या संग्रहात बहुधा ‘टिल डेथ अस डू पार्ट’ असेल. १९६०च्या दशकात आलेली ही बीबीसीची मालिका. तिचं प्रकरण अवघड आहे. लेखक जॉनी स्पाइट याने अल्फ गार्नेट हा वंशद्वेष्टा बडबड्या रंगवला तो त्याची फजिती करण्यासाठी. वॉरन मिचेल हा ज्यू नट ती भूमिका करायचा आणि स्वतः अल्फच्या अगदी उलट विचारांचा होता. तरी रस्त्यात लोक त्याला थांबवून शाबासकी द्यायचे, बरं झालं त्या लोकांना सुनावलंत म्हणून. मिचेल त्यांना सांगायचा, आम्ही तुमच्यासारख्यांचीच टर उडवत होतो. याच मालिकेवरून अमेरिकेत १९७१मध्ये ‘ऑल इन द फॅमिली’ आली. तिच्यावर विडमार आणि रोकीच या दोन मानसशास्त्रज्ञांचा अभ्यास १९७४मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हेच दिसलं : ज्यांच्या मनात आधीपासून पूर्वग्रह होते त्यांना आर्ची बंकर, म्हणजे त्या मालिकेतला अल्फ, आपल्यातलाच, खरं बोलणारा वाटत होता. लेखकाचा हेतू चांगला होता एवढ्यावर हिशेब मिटत नाही.

यासाठी मी तालमीत एक गोष्ट करून घेते, तुम्हीही करून पाहा. चित्र बंद करा, फक्त आवाज ठेवा आणि हशा कुठे पिकतो ते ऐका. अल्फने शिवी दिल्याक्षणी हशा येतो, की त्याची मुलगी त्याला निरुत्तर करते तेव्हा? काही प्रसंगांत दुसऱ्या जागी येतो. ते प्रसंग आजही उत्तम आहेत. काहींत सगळा हशा शिवीवरच संपतो, मुलीचं उत्तर येईपर्यंत प्रेक्षक पुसतसुद्धा नाहीत. तुमच्या त्या विनोदवीराचा पाकिस्तानी शेजाऱ्यावरचा विनोद असाच ऐका. त्यातून शेजाऱ्याची जात-देश काढून टाकला तर हसण्यासारखं काही उरतं का? उरत असेल तर पुतणीला तसं सांगा, ती ऐकेल. उरत नसेल तर तिचं म्हणणं ऐकून घ्या. संग्रह मात्र टाकू नका. त्यात टायमिंगचे, विरामाचे, आवाजाच्या चढउताराचे धडे आहेत आणि ते शिकवणारे दुसरीकडे सहज भेटत नाहीत.

प्रश्न : ताई, मी महाविद्यालयात आहे. असले जुने भाग वाहिन्यांनी आणि ॲप्सनी सरळ काढूनच का टाकू नयेत? ठेवल्याने कुणाचं भलं होतं?

उत्तर : जून २०२०मध्ये हा प्रयोग झाला आणि घाईत झाला. अमेरिकेत पोलिसाने केलेल्या जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या हत्येनंतरचे ते दिवस होते. ‘फॉल्टी टॉवर्स’ या ब्रिटिश विनोदी मालिकेचा १९७५चा एक प्रसिद्ध भाग यूकेटीव्ही या प्रसारण कंपनीने काढून घेतला, कारण त्यात म्हातारा मेजर हे पात्र वंशद्वेषी शब्द वापरतं. मालिकेचा सहलेखक आणि मुख्य नट जॉन क्लीज संतापला : आम्ही त्या मेजरचं समर्थन केलेलं नाही, त्याच्या बुरसटलेपणाला हसतो आहोत. काही दिवसांतच भाग सूचनेसकट परत आला. ‘लिटल ब्रिटन’ ही दुसरी ब्रिटिश विनोदी मालिकाही त्याच महिन्यात उतरवली गेली. तिथे गोऱ्या नटांनी तोंड काळं करून केलेल्या भूमिका होत्या आणि तिच्या दोन्ही मुख्य कलाकारांनी माफी मागितली. २०२२मध्ये काटछाट करून ती परतली. दोन्ही प्रकरणं एकाच झाडूने झाडली गेली हे मला खटकलं. पहिल्यात मेजर हास्यास्पद आहे, दुसऱ्यात रंगवलेलं तोंडच हास्यास्पद म्हणून पुढे केलेलं आहे.

वॉर्नर ब्रदर्सने आपली जुनी व्यंगपटांची संग्राह्य आवृत्ती काढताना जे केलं ते मला पटतं. सुरुवातीलाच सूचना : ही चित्रणं तेव्हाही चूक होती, आजही चूक आहेत, पण ती कापली तर हे पूर्वग्रह कधी नव्हतेच असं म्हटल्यासारखं होईल. ‘तेव्हाही चूक’ हे त्यांनी स्पष्ट लिहिलं, याचं मला फार मोल वाटतं. बाकी, मुलांच्या वेळेत ते दाखवू नयेत आणि ज्याला शोधायचं आहे त्याला सापडावेत, इतकं पुरे. सगळं पुसलं तर वरच्या काकांचं ‘तेव्हा कुणाला वावगं वाटत नव्हतं’ हे वाक्य खोडून काढायला पुरावा कुठून आणणार?

प्रश्न : मी नवखा स्टँडअप कलाकार आहे. ज्येष्ठ मंडळी म्हणतात, आता काही बोलायची सोयच राहिली नाही, पूर्वी विनोदाला मोकळीक होती. माझ्या पाच मिनिटांत तोतरं बोलणाऱ्या माणसावर एक तुकडा आहे, लोक खूप हसतात. ठेवू की काढू?

उत्तर : पूर्वी मोकळीक होती? लेनी ब्रूस या अमेरिकी विनोदवीराला न्यूयॉर्कमध्ये १९६४ साली कॅफेतल्या कार्यक्रमाबद्दल अश्लीलतेच्या आरोपाखाली दोषी ठरवलं आणि चार महिन्यांची शिक्षा सुनावली. अपील चालू असतानाच, १९६६मध्ये तो वारला. राज्यपालांनी त्याला माफी दिली २००३मध्ये. ब्रिटनमध्ये १९६८पर्यंत नाटकाची प्रत राजदरबारातल्या अधिकाऱ्याकडून मंजूर करून घ्यावी लागे. जॉर्ज कार्लिन या दुसऱ्या अमेरिकी विनोदवीराला १९७२मध्ये मिलवॉकी शहरात पोलिसांनी रंगमंचावरून उतरल्यावर अटक केली. मोकळीक होती ती दुबळ्यांवर बोलायला. धर्मपीठ, सरकार, लैंगिक ढोंग यांच्यावर बोललात तर पोलीस यायचे. ब्रूसचे शब्द आजही कुणाला बोचतील, पण ते बोचत होते ज्यांच्या हातात दंडुका होता त्यांना. हा फरक ज्येष्ठांना विचारा.

तुमच्या तुकड्याबद्दल. समजा पहिल्या रांगेत तोतरा माणूस बसला आहे आणि हे तुम्हाला आधी ठाऊक आहे. तो तुकडा तुम्ही जसाच्या तसा कराल? शब्द बदलावेसे वाटले, नजर चुकवावीशी वाटली, तर आजच काढा, कारण तो माणूस बहुतेक वेळा सभागृहात असतोच, तुम्हाला फक्त माहीत नसतं. आणि तोतरेपणापेक्षा, समोरचा अडखळला की त्याचं वाक्य घाईने पुरं करून देणारे लोक असतात ना, त्यांच्यावर लिहून पाहा. तिथे पाच मिनिटांचा ऐवज सहज निघेल. लिहिलंत तर मला पाठवा, मी वाचेन.