काहीच पोटात टिकत नाही, बाळाला कमी पडेल का?

गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत माझ्यासमोर येऊन बसणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मुलीचा हाच प्रश्न असतो, शब्द तेवढे वेगळे. मी एका प्रसूतिगृहात आहार आणि समुपदेशन दोन्ही बघते, त्यामुळे उलट्यांच्या केसेस रोजच्याच. पण हे जोडपं लक्षात राहिलं कारण इथे उलटीपेक्षा भीती मोठी होती, आणि ती कुठून आलीये हे दोघंही एकमेकांना सांगत नव्हते. (ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

चिंचवडकडचं जोडपं, दोघंही नोकरीवाले, तिला आठवा आठवडा. ती नाकाला रुमाल लावून बसलेली आणि त्याने आल्या आल्या लॅपटॉप उघडून एक्सेल शीट दाखवलं. सकाळी ७ ला दूध आणि प्रोटीन पावडर, साडेआठला दोन उकडलेली अंडी, ११ ला फळं, दुपारी पालक, असं रात्रीपर्यंत, आणि प्रत्येक रकान्यापुढे लाल अक्षरात 'उलटी', 'उलटी', 'अर्धं गेलं, उलटी'. मला खरं सांगायचं तर हसू आलं पण दाबलं, कारण माणूस रडकुंडीला आला होता. म्हणे, "मॅडम, ॲप सांगतंय बाळाला रोज एवढं प्रोटीन लागतं, हिच्या पोटात तर काहीच जात नाही, मग बाळ वाढणार कशावर?"

मी त्याला विचारलं, आत्ता बाळ केवढं आहे माहितीये का? दीड-दोन सेंटीमीटर. राजम्याचा दाणा समजा. त्याला आत्ता जे लागतं ते आईच्या अंगातल्या साठ्यातून मिळतं. दिवसाला साधारण ३५० कॅलरी जास्त घ्या असं जे आयसीएमआर (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषद) सांगतं ना, ते चौथ्या महिन्यापासून पुढचं आहे, पहिल्या तिमाहीत जादाचं काही खावं लागत नाही. आत्ता जे पोटात टिकेल आणि जे पाणी आत राहील तेवढंच बघायचं. चार्ट, रंगीबेरंगी ताटं, हे सगळं नंतर करायला भरपूर महिने आहेत.

त्याला पटल्यासारखं वाटलं पण तिचा चेहरा काही हलला नाही. मग मी त्याला केसपेपर आणायला बाहेर पाठवलं (ही माझी जुनी युक्ती आहे, केसपेपर टेबलावरच असतो) आणि तिला म्हटलं, बोल आता. तर म्हणाली, "मागच्या वर्षी सातव्या आठवड्यात गेलं मॅडम. तेव्हा पण मला काही जात नव्हतं, मी नुसते कुरमुरे आणि दहीभात खायचे. हा काही बोलत नाही, पण त्याला वाटतं त्यामुळेच गेलं. मलाही वाटतं."

म्हणजे बघा, ते एक्सेल शीट कशासाठी होतं ते.

मी त्याला परत आत बोलावलं आणि तिच्या परवानगीने दोघांसमोर हे बोलले. सुरुवातीच्या आठवड्यांत जे गर्भपात होतात त्यातले साधारण निम्मे तरी गुणसूत्रांच्या गडबडीमुळे होतात, ते गर्भ तयार होतानाच ठरलेलं असतं, दोन आठवडे दहीभात खाल्ला म्हणून बाळ जात नाही. आणि दुसरी गोष्ट, २०१६ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला होता, त्यात घेतलेल्या सगळ्या बायकांचे आधी एक किंवा दोन गर्भपात झालेले होते, म्हणजे हिच्यासारख्याच. त्यात ज्यांना मळमळ आणि उलट्या होत होत्या त्यांच्यात परत गर्भपात होण्याचं प्रमाण बरंच कमी दिसलं. हे सांगताना मी लगेच पुढचंही सांगते कारण अर्धं ऐकून लोक वेगळाच घोळ करतात: मळमळ नाही म्हणजे काही बिघडलंय असं अजिबात नाही, कित्येकींना काहीच त्रास होत नाही आणि बाळ छान असतं, आणि एखादा दिवस बरा गेला की "आज उलटी नाही झाली, काही झालं तर नाही ना" असं घाबरायचंही नाही, हे कमीजास्त होत राहतं.

तो बराच वेळ गप्प होता. मग तिला म्हणाला, "मी असं कधीच म्हटलो नव्हतो." ती म्हणाली, "म्हटला नव्हतास, पण अंडी उकडत होतास." यावर तिघंही हसलो एकदाचे.

मग कामाचं बोलायला बसलो. त्या एक्सेलचा एक उपयोग झाला, त्यात वेळा लिहिलेल्या होत्या. नीट बघितल्यावर कळलं की सगळ्यात वाईट उलटी सकाळी गोळीनंतर अर्ध्या तासात होते. कुठली गोळी? तर मेडिकलवाल्याने दिलेली मल्टीव्हिटॅमिन, त्यात लोह, ती पण उपाशीपोटी. लोहाच्या गोळीने कित्येकींची मळमळ वाढते, आणि सरकारी पद्धतीतसुद्धा पहिल्या तिमाहीत फक्त फॉलिक ॲसिड ४०० मायक्रोग्रॅम आणि लोह-कॅल्शियम नंतर असंच आहे. तिचं हिमोग्लोबिन चांगलं होतं, म्हणून आमच्या डॉक्टरांनी ती गोळी थांबवून नुसतं फॉलिक ॲसिड दिलं, रात्री जेवणानंतर. हे प्रत्येकीने आपापलं ठरवायचं नाही हं, रक्त कमी असेल तर हिशोब वेगळा असतो, डॉक्टरांना विचारा.

बाकी त्रास वासाचा. फोडणीचा, कुकरच्या वाफेचा, उकडलेल्या अंड्यांचा आणि त्याच्या डिओचा, हे शेवटचं तिने अगदी हळू आवाजात सांगितलं. डिओ बंद, अंडी बंद, स्वयंपाक काही दिवस त्याने करायचा आणि ती तेव्हा दार लावून बाल्कनीत. गरम जेवणाला वास जास्त येतो, म्हणून गार करून खायचं. गार दहीभात, गार पोळीला तूपगूळ, पापड, जे जाईल ते. साताऱ्याच्या सासूबाई फोनवर पहिल्यापासून हेच सांगत होत्या, "पोरीची वासना होईल ते दे तिला, मी दोन महिने नुसत्या पेजेवर काढले", पण ॲपपुढे त्यांचं कोण ऐकतंय.

उशाशी एक डबा ठेवायला सांगितला, त्यात खाकरा, कुरमुरे किंवा राजगिऱ्याचा लाडू. डोळे उघडले की उठायच्या आधी दोन घास खायचे, दहा-पंधरा मिनिटं पडून राहायचं आणि मग सावकाश उठायचं. पोट पूर्ण रिकामं झालं की मळमळ वाढते आणि गच्च भरलं तरी वाढते, त्यामुळे दर दीड-दोन तासांनी थोडंसं. जेवताना ढसाढसा पाणी नको, मधल्या वेळात घोट घोट, साधं पाणी जात नसेल तर कोकम सरबत, लिंबू सरबत, ताक, शहाळं, नाहीतर बर्फाचा खडा चघळायचा. आल्याने पुष्कळ जणींना बरं वाटतं, आलेपाकाची वडी पर्समध्ये ठेवा, फक्त सुंठ असेल तर दिवसाला १ ग्रॅमच्या आत. उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नका, चूळ भरा आणि अर्ध्या तासाने करा, नाहीतर दातांवरचं आवरण झिजतं. दूध टिकत नसेल तर सोडून द्या हो, दही आहे, भाजके चणे आहेत, शेंगदाण्याची चिक्की आहे.

पपईचा प्रश्न येतोच. कच्ची आणि अर्धी पिकलेली नको, तिच्या चिकाने गर्भाशय आकुंचन पावू शकतं. पूर्ण पिकलेली एखादी फोड खाल्ली तर काही होत नाही, पण घरात त्यावरून टेन्शन होणार असेल तर दुसरी फळं काय कमी आहेत का. मोड आलेली कडधान्यं कच्ची नकोत, वाफवून घ्या. मासे खाणाऱ्यांनी मोरी (शार्क) टाळा, पारा जास्त असतो. चहा दोन कप चालतो.

एवढं करूनही दहाव्या आठवड्यात त्रास वाढला, त्या सुमाराला तो सगळ्यात जास्त असतोच. डॉक्टरांनी मळमळ-उलटी कमी करणारी डॉक्सिलामाइन आणि बी-६ ची गोळी लिहून दिली तर ही घ्यायलाच तयार नव्हती. १९८३ मध्ये अमेरिकेत कोर्टकचेऱ्यांमुळे कंपनीने ही गोळी विकणं बंद केलं होतं, तिथूनच बरीच भीती पसरली, पण नंतरच्या ढीगभर अभ्यासांत बाळाला काही धोका दिसला नाही आणि २०१३ मध्ये तिथेच परत मंजुरी मिळाली. झोप येते तिने, म्हणून रात्री.

वजनाचं मी आधीच सांगून ठेवलं होतं. आधीचं ५६ किलो, तेव्हा दीड किलो उतरलेलं, ते चालतं. पण पाच टक्के, म्हणजे हिच्या बाबतीत पावणेतीन-तीन किलो उतरलं तर थांबायचं नाही. आठ तास लघवी नाही किंवा एकदम गडद होतेय, दिवसभर पाणीसुद्धा टिकत नाही, उभं राहिल्यावर चक्कर, उलटीत रक्त, ताप, पोटात दुखणं, यातलं काहीही झालं तर घरगुती उपाय बाजूला ठेवून सरळ दवाखान्यात यायचं, सलाइन लागू शकतं. शंभरातल्या एखाद-दोघींना तसा त्रास होतो. आणि "सगळ्यांनाच होतं, सहन कर" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका.

चौदाव्या आठवड्यात तिचा मेसेज आला. भरलं वांगं खाल्लं आणि टिकलं. खाली त्याचा प्रश्न, "मॅडम, आता प्रोटीन पावडर परत सुरू करू का?" मी लिहिलं, वरण आहे, दही आहे, उसळ आहे, पावडरची गरज नाही, आणि अंडी तिला वास चालला तरच.