‘प्रपोगंडा’ नव्हे, आणि गोबेल्सचा तर नव्हेच

विचारणा अशी: ‘प्रपोगंडा’ हा हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याच्या खात्यातून आलेला जर्मन शब्द का? आणि मराठीत त्याला ‘अपप्रचार’ म्हणावे का?

गोबेल्सचे खाते १९३३चे. शब्द त्याहून ३११ वर्षे जुना, आणि लॅटिन. १६२२ साली पोप पंधरावे ग्रेगरी यांनी रोममध्ये धर्मप्रसाराचे मंडळ काढले, ‘कोंग्रेगात्सिओ दे प्रोपागांदा फिदे’. यातले ‘प्रोपागांदा’ मुळात नाम नाहीच. आपल्या ‘पूजनीय’, ‘करणीय’सारखे ते कृदन्त, म्हणजे क्रियापदापासून झालेले विशेषण आहे. ‘प्रसारणीय श्रद्धेविषयीचे मंडळ’ एवढाच अर्थ. लांबलचक नावातला मधला तुकडा लोकांनी उचलला आणि त्याचे नाम झाले.

इथवर आले की बहुतेक कोश यामागच्या लॅटिन क्रियापदाबद्दल ‘प्रोपागारे म्हणजे पसरवणे’ असे लिहून मोकळे होतात. पसरवणे कसले! हे चक्क दाबकलम आहे. द्राक्षवेलीची वर्षभराची पक्व काडी न तोडता वाकवायची, वीतभर चरात आकड्याने दाबायची, शेंड्याचे दोन-तीन डोळे बाहेर ठेवून माती ओढायची. मुळे धरल्यावरच मूळ वेलीपासून तोडायची. घाई केली की काडी वाळते, आणि चर कोरडा पडला तर मुळेच फुटत नाहीत. अशी काडी म्हणजे लॅटिनमधला ‘प्रोपागो’. त्यातला ‘प्रो’ हा आपल्या ‘प्र’चा सख्खा भाऊ, आणि ‘पाग्’ म्हणजे घट्ट रोवणे. (‘प्र + पाखंड’ अशी व्युत्पत्ती फिरवणाऱ्यांना ‘प्र’पुरते अर्धे गुण.) याच ‘पाग्’मधून ‘पागिना’, म्हणजे इंग्रजीतले पेज. रोमन लेखक प्लिनीने ‘पागिना’ द्राक्षवेलींच्या चौकोनालाही म्हटले आहे. पेज आणि प्रोपगंडा एकाच मळ्यातले!

मंडळाने १६२६मध्ये स्वतःचा छापखाना काढला आणि परक्या लिप्यांचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरे, पाडून घेतले. बंदी घालणारे खाते वेगळे होते: निषिद्ध ग्रंथांची पोपची यादी १५५९ची, ती सांभाळणारे मंडळ १५७१चे. पण ‘एक छापणारे, एक दाबणारे’ ही सोयीची वाटणी टिकत नाही. १६७३मध्ये पोप दहाव्या क्लेमेंटने हुकूम काढला की मिशनांविषयीचे पुस्तक प्रोपागांदा मंडळाच्या लेखी परवानगीवाचून छापायचे नाही. कलम लावणाऱ्याच्याच हाती छाटणीची कात्री आली.

आपला संबंधही जवळचा आहे. देवनागरी खिळे नसल्याने १६१६मध्ये गोव्यातल्या राशोलला फादर स्टीफन्सचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापावे लागले. आणि १७७८मध्ये मराठीचे पोर्तुगीज भाषेत लिहिलेले व्याकरण छापले ते रोमच्या याच प्रोपागांदा छापखान्याने, मिशनरी विल्यम कॅरीच्या मराठी व्याकरणाच्या २७ वर्षे आधी!

हां, ‘अपप्रचार’. त्यात खोटेपणा गृहीत आहे. प्रोपगंडा निवडक खऱ्या गोष्टींवरही उत्तम चालतो. निवडणुकीला ‘प्रचार’, खोट्याला ‘अपप्रचार’, आणि यंत्रणा लावून मते रुजवण्याला खुशाल ‘प्रोपगंडा’ लिहा. फक्त काना-मात्रा ‘प्र’वर द्या, ‘प’वर नको.